पहिली आंब

केराबाई : …आणि म्हणला कुटं? पारावर! सगळ्यांच्या म्होरं! "केराबाई आता आंबंत पाणी घालाया लागली." शेजारची निंगव्वा तितं हुती म्हणून माझ्यापतुर आलं तरी. न्हायतर मी आपली तोंड वर करून गावभर हिंडली असती.

सोनाली : आत्या, मी आत्ता मोडनिंबच्या लॅबमधून येतेय, खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नाही. कोण म्हणालं ते तरी सांगा.

केराबाई : कोण म्हंजी? बापूसाहेब! एस्टीतनं रिटायर झाल्यापासनं त्येला दुसरा धंदा हाय का? पारावर बसायचं आन् कोण आलं, कोण गेलं त्येची नोंद ठिवायची. जसा काय अजून डेपोतच बसलाय.

सोनाली : बरं, म्हणू दे की. तुम्ही पाणी घातलेलं नाही ना? झालं तर.

केराबाई : झालं कसं? तू शेरातली, तुला न्हाय कळायचं. ह्या गावात कुणाचं पोट दुखलं, कुणाला करपट ढेकर आलं, तर दुकानात कोण जात न्हाय. केराबाईच्या दारात येतंय. माझ्या सासूनं आंब दिली, तिच्या सासूनं दिली. कुणाकडनं रुपाया घेतला न्हाय आमी. आन् आज मला पाणी घालणारी म्हणत्यात! सकाळधरनं अन्नाचा कण घेतला न्हाय मी.

सोनाली : आत्या, रागावू नका, पण मला त्या आंबेचं नीट कळलंच नाही अजून. वैशाखात लग्न झालं, हा माझा इथला पहिलाच हिवाळा. परवा पहाटे तुम्ही फडकं घेऊन रानात गेलात, मी झोपेतच होते.

केराबाई : झोप की, मी कुटं काय म्हणती? हे बग. हरभरा फुलावर आला, घाटं धरायला लागला की त्येच्या पानावर खार सुटतोय. जीभ लाव, अंबट लागंल. पहाटं दव पडलं की त्यो खार दवात उतरतोय. मग धोतराचं मोठं फडकं घ्यायचं, दोन्ही हातानं धरायचं आन् हरभऱ्यावरनं हळू ओढत न्यायचं. भिजलं की पिळायचं. ती आंब. बाटलीत भरून ठिवली तर वर्स-वर्स टिकती. दोन थेंब पाण्यात टाकायचं, पोट मोकळं.

सोनाली : अहो, हे तर भारीच आहे! म्हणजे झाडच आम्ल तयार करतं, आणि तुम्ही ते फडक्यानं गोळा करता.

केराबाई : तू काय बी नाव दे. तर परवा पहिली आंब काढली, आन् पहिली बाटली दिली त्या बापूसाहेबाला. हुरडा लई खाल्ला म्हणं, पोटाचा नगारा झालाय. मी गेली धावत घिऊन! आणि त्येनं असं पांग फेडलं.

सोनाली : देण्याआधी तुम्ही चाखली नव्हती?

केराबाई : पहिली आंब घरात चाखायची न्हाय. आमच्या घरची रीत हाय. पहिली गावाला, मग घराला. आज निंगव्वानं सांगितल्यावर मी बोट बुडवून चाखली.

सोनाली : मग?

केराबाई : आता तुझ्यापशी कशाला लपवू… त्येचं खोटं न्हाय गं. अंबटपणा नावाला न्हाय. उलट कसंतरीच, बुळबुळीत, तोंड धुतल्यासारखं लागतंय. पण पाणी मी घातलं न्हाय! खंडोबाची आण!

सोनाली : आण कशाला घेताय? थांबा. माझ्या पर्समध्ये पट्ट्या आहेत.

केराबाई : कसल्या पट्ट्या? माझ्या डोक्याला लावती का काय?

सोनाली : कागदाच्या पट्ट्या हो. आमच्याकडं शेतकरी बोअरचं पाणी, माती घेऊन येतात ना तपासायला, तेव्हा आम्ही ही पट्टी बुडवतो. रंग बदलतो. डबीवर रंगांची ओळ आहे बघा, प्रत्येक रंगाखाली आकडा. शून्यापासून चौदापर्यंत. ह्याला पीएच म्हणतात.

केराबाई : पीयेच. बरं.

सोनाली : मधे सात. सात म्हणजे ना आम्ल ना आम्लारी, साधं शुद्ध पाणी. सातच्या खाली आलं की आम्ल. लिंबू, चिंच, ताक, तुमची आंब. सातच्या वर गेलं की आम्लारी. चुना, सोडा, साबण, पापडखार.

केराबाई : आम्लारी? ही कसली तलवारी?

सोनाली : आम्लाचा अरी, म्हणजे शत्रू. एकमेकांत मिसळले की दोघांचाही जोर जातो.

केराबाई : म्हंजी सासू-सून.

सोनाली : नाही हो! हे दोघं एकत्र आले की शांत होतात.

केराबाई : मग न्हाईत सासू-सून.

सोनाली : हसलात ना! चला, गेल्या वर्षीची आंब शिल्लक आहे का थोडी?

केराबाई : फळीवर हाय की, त्या काळ्या बाटलीत. घे… अगं जपून, तेवढीच ऱ्हायलीया.

सोनाली : फक्त टोक बुडवते. बघा, बघा रंग.

केराबाई : आगं बाई, लाल झालं! कुंकवागत.

सोनाली : लाल म्हणजे दोन. जबरदस्त आम्ल. लिंबाच्या तोडीचं.

केराबाई : दोनच? मला वाटलं आमची आंब लई कडक, मोठा आकडा यील.

सोनाली : इथं उलटं असतं. आकडा लहान, तेवढं आम्ल जास्त.

केराबाई : हां, शाळंतल्या नंबरागत. पहिला नंबर मोठा.

सोनाली : अगदी तसंच. आता ही परवाची… अरेच्चा.

केराबाई : काय झालं? हिरवं झालं की. सिंगलला हिरवं चांगलं असतंय.

सोनाली : नुसतं हिरवं नाही, निळसर आहे. थांबा, उजेडात धरते. आत्या, हे नऊ आहे.

केराबाई : दोनाच्या जागी नऊ. सात पायऱ्या वर गेली.

सोनाली : आणि इथली एकेक पायरी साधी नसते. दोनचं तीन झालं की आम्लाचा जोर दहा पटीनं कमी. चार झालं की शंभर पटीनं. असं करत नऊपर्यंत गेलात तर…

केराबाई : सांग की, थांबली का?

सोनाली : एक कोटी पट.

केराबाई : कोटी! आई गं! मग त्या बापूसाहेबाला चव कुटनं लागणार? कोटीच्या मानानं त्यो कमीच बोलला म्हणायचं.

सोनाली : आता मला सांगा, आपल्या बोअरचं पाणी किती असेल?

केराबाई : मला काय ठावं? पाणी म्हणलीस ना तू सात.

सोनाली : शुद्ध पाणी सात. आपल्या बोअरला क्षार किती आहेत, चहाचं भांडं बघा, आतून पांढरं झालंय. ही पट्टी… आठ. बघितलंत? म्हणजे तुम्ही सुटलात!

केराबाई : सुटली म्हंजी?

सोनाली : अहो, तुम्ही आंबेत पाणी घातलं असतं, कितीही घातलं असतं, घागरभर ओतलं असतं, तरी आकडा फार तर पाण्याच्या जवळ गेला असता. आठच्या पुढं जायचं कारणच नाही. दोनात आठ मिसळून नऊ कसं होईल? हे पाण्याचं काम नाही. पाण्यापेक्षा कडक काहीतरी पडलंय त्यात.

केराबाई : म्हंजी मी पाणी घातलं न्हाय, ही तुझी पट्टी सांगती?

सोनाली : पट्टीच सांगते.

केराबाई : माझी बाय ती! ये हिकडं, दिष्ट काढती तुझी. माझ्या मल्हारला मीच म्हणलं हुतं, शिकलेली पोरगी कर. लोकं म्हणायची, ही सोलापुरात वाढलेली, हिला शेण काढता यीना, भाकरी थापता यीना. आता बघा म्हणावं! चल, घे ती डबी, पारावर जाऊ. सगळ्यांच्या म्होरं त्येच्या नाकाला पट्टी लावती.

सोनाली : थांबा, थांबा. आधी कशानं झालं ते शोधू. नाहीतर बापूसाहेब तेच विचारतील, "मग नऊ कशानं झालं?" आणि आपल्याकडं उत्तर नाही.

केराबाई : कशानं म्हंजी? कुणीतरी मुद्दाम केलं. जळत्यात लोकं. तू म्हणलीस ना पापडखार? निंगव्वा पापड लाटती! तिच्या घरात डबाभर पापडखार हाय.

सोनाली : निंगव्वा मावशी? त्यांनीच तर तुम्हाला येऊन सांगितलं.

केराबाई : त्येच तर! चोरच म्होरं येऊन सांगतोय. कुणी का केलं असंना, ज्येनं माझी आंब नासवली त्येच्या हातची भाकरी जल्मभर करपू दे! त्येचं दूध नासू दे! त्येच्या…

सोनाली : पुरे, पुरे! आधी मला सगळं पहिल्यापासून सांगा. पिळलं कशात?

केराबाई : स्टीलच्या पातेल्यात. चुलीच्या राखंनं घासलेलं न्हवतं, आदीच सांगती. कोरडं, स्वच्छ.

सोनाली : हाताला काही होतं? साबण, चुना?

केराबाई : पान मी जेवल्यावर खाती. पहाटं कोण खातंय? पण चुना बी तसलाच का? जीभ भाजती म्हणून मला वाटलं त्यो आम्ल असंल.

सोनाली : भाजतं दोन्ही. आम्लही भाजतं, आम्लारीही भाजते. जिभेवर विसंबलं तर फसायला होतं, म्हणून तर पट्टी. बरं, पिळताना काही वेगळं दिसलं?

केराबाई : दिसलं की! फसफसली.

सोनाली : काय?

केराबाई : फडकं पिळलं तसा बारीक फेस आला. फुस्स्स करून. मला वाटलं, यंदा आंब लई कडक हाय! म्हणून तर हौसनं त्येला नेऊन दिली.

सोनाली : आत्या, इनो पाण्यात टाकल्यावर कसं होतं?

केराबाई : तसंच. तसंच झालं बग.

सोनाली : मग आम्लाला सोडा भेटलाय. खाण्याचा नाहीतर धुण्याचा. सोडा आणि आम्ल भेटले की वायू निघतो, त्याचीच फसफस. आणि ती पातेल्यात नाही झाली, पिळतानाच झाली. म्हणजे सोडा बाटलीत कुणी टाकला नाही. निंगव्वा मावशी सुटल्या.

केराबाई : सुटली व्हय? बरं, सुटू दे. तशी वाईट न्हाय ती. मग सोडा आला कुटनं?

सोनाली : फडक्यातच असणार. फडकं कुठलं घेतलं होतं?

केराबाई : घेतलं म्हंजी? आंबंचं फडकं एकच हाय. मामंजींच्या धोतराचं. न्हाणीच्या दांडीवर टांगलेलं असतंय बारा म्हईनं. यंदा तर काय झालं कुणास ठावं, काढून बगती तर पांढरंफेक! गेल्या साली पिवळं-हिरवं, डागाळलेलं हुतं. मी म्हणलं, वाऱ्यानं उजळलं जणू.

सोनाली : न्हाणीच्या दांडीवरचं?

केराबाई : व्हय. त्ये काय, हितंच हाय, वाळत घातलंय. का गं? अशी का बघतीस?

सोनाली : काही नाही. आणा इकडं. दवात न भिजलेलं एखादं टोक असेल ना त्याचं?

केराबाई : हातात धरायची टोकं कोरडीच ऱ्हात्यात. ही बग, दोन्ही.

सोनाली : वाटीत थोडं बोअरचं पाणी घ्या. टोक त्यात चोळते. आता पट्टी.

केराबाई : निळं झालं. लई निळं. ह्यो आकडा… अकरा का?

सोनाली : हो. अकरा.

केराबाई : म्हंजी फडक्यातच सोडा! पण फडक्याला सोडा कोण लावंल? त्येला साबण दावायचा न्हाय. नुसतं पाण्यातनं काढून टांगायचं. आमच्या सासूबाई म्हणायच्या, आंबंचं फडकं धुतलं की आंब रुसती. अख्ख्या गावाला ठावं हाय… सोनाली? आगं, काय झालं? डोळ्यात पाणी का?

सोनाली : अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मला नव्हतं.

केराबाई : तू धुतलंस?

सोनाली : भोगीच्या आधी घर साफ करत होते. दांडीवर ते मळकं फडकं बघितलं, म्हटलं, आत्यांना आवडेल पांढरं केलं की. रात्रभर धुण्याच्या सोड्यात भिजवलं. सकाळी पिळलं आणि टांगलं.

केराबाई : दुसऱ्या पाण्यातनं काढलं न्हाईस?

सोनाली : नाही. सोलापूरची सवय. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आई एकाच बादलीत सगळं धुवायची. खळबळायला दुसरी बादली घेतली की ओरडायची. इथं बोअर आहे, पाणी आहे, पण हात काही ऐकत नाही. सगळा सोडा त्या फडक्यातच वाळला.

केराबाई : म्हंजी वाऱ्यानं न्हाय उजळलं त्ये.

सोनाली : रागवा ना माझ्यावर. शिव्या तर मघाशीच देऊन झाल्यात तुमच्या. भाकरी करपू दे, दूध नासू दे.

केराबाई : तरीच सकाळची भाकरी करपली हुती.

सोनाली : आत्या!

केराबाई : मग काय करू? रडू का तुझ्यासंगं? आगं, मी तरी तुला कुटं सांगितलं? इतकी वर्सं झाली, मला वाटलं ही गोष्ट सगळ्यांना पोटातनंच ठावं असती. पूस डोळं. पण तुझी कमाल हाय गं. पट्ट्या लावून, हिशेब करून, चोर शोधत गेलीस आन् शेवटाला सोताच्याच घरात शिरलीस!

सोनाली : हसू नका. मला खूप वाईट वाटतंय. तुमचं नाव गेलं माझ्यामुळं. मी आत्ता पारावर जाते आणि सगळ्यांना सांगते.

केराबाई : गप बस जरा. मला इचार करू दे.

(बाहेर कडी वाजते. दोघी एकमेकींकडे बघतात.)

बापूसाहेब : वहिनी, आत येऊ? का फलाटावरच उभा राहू?

केराबाई : या की! तुमचीच वाट बघत हुती. या, बसा. पोट कसं हाय?

बापूसाहेब : पोटाबद्दलच निवेदन करायला आलो होतो. काल तुमची ती आंब घेतली. त्यानंतर जे ढेकर सुरू झाले, ते सोड्याच्या बाटलीसारखे. आमच्या हिनं विचारलं, "तुम्ही साबण खाल्लात का?" आता सेवेत खंड पडला तर प्रवाशानं तक्रार करायची नाही तर कोणी करायची?

केराबाई : तक्रार दारात येऊन करायची. पारावर न्हाय.

बापूसाहेब : हं. म्हणजे बातमी तुमच्यापर्यंत आलेली दिसते.

केराबाई : आली. बसा हितं, खाटंवर. आता मी काय दावती ते बगा. सोनाली, त्या पट्ट्या दे. ह्यो लाल बगितला? ही माझी गेल्या सालची आंब. दोन. लिंबाच्या तोडीची. आन् ह्यो हिरवा? आमच्या बोअरचं पाणी. आठ. आन् ह्यो निळसर, ही तुमाला दिलेली. नऊ! आता सांगा, दोनात आठ वतलं तर नऊ हुतंय का? तुमी कंट्रोलर हुता, हिशेब केलाय जल्मभर. सांगा की!

बापूसाहेब : चष्मा लावू द्या. लाल दोन… पाणी आठ… बरोबर. दोन आणि आठच्या मधेच कुठंतरी थांबलं पाहिजे. पाण्याच्या पुढं जाणं शक्य नाही. आठच्या थांब्यावर गाडी संपते, मग नऊला पोचली कशी?

केराबाई : मग? पाणी घातलं का मी?

बापूसाहेब : नाही. मुद्दा बिनतोड आहे. पाणी घातलेलं नाही, हे मी मान्य करतो. तो शब्द मी परत घेतो, वहिनी.

केराबाई : पारावर घ्यायचा.

बापूसाहेब : पारावर घेतो. उद्या सकाळीच. पण मग प्रश्न असा उरतो, की नऊ झालं कशानं?

सोनाली : ते मी सांगते, बापूसाहेब. फडक्यात…

केराबाई : फडक्यात सोडा ऱ्हायला हुता. धुण्याचा.

बापूसाहेब : सोडा? आंबेच्या फडक्याला? आमच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की त्याला साबण लावायचा नाही. कुणी लावला?

केराबाई : मी.

सोनाली : आत्या…

केराबाई : तू चहा टाक गं. बापूसाहेब, बिनसाखरंचा का?

बापूसाहेब : साखर चालेल, दूध नको. तुम्ही लावला? तुम्ही स्वतः?

केराबाई : व्हय. भोगीचं धुणं काढलं, त्यात त्ये बी गेलं. ध्यानात आलं न्हाय.

सोनाली : बापूसाहेब, ऐका, ते धुणं मी…

केराबाई : ही सांगत हुती मला, आत्या ऱ्हाऊ द्या, मी धुती. मीच ऐकलं न्हाय. दूध न्हाय घालायचं बरं का गं, काळा कर.

बापूसाहेब : सूनबाई हुशार आहे, हे मात्र नमूद केलं पाहिजे. ह्या पट्ट्या नसत्या तर तुमच्यावर पाण्याचा आरोप कायमचा राहिला असता. नशीब काढलंत. पण वहिनी, आपण दोघं एका वयाचे, स्पष्ट बोलतो. मी पारावर दुसरंही एक वाक्य म्हणालो होतो.

केराबाई : ठावं हाय मला.

बापूसाहेब : म्हणालो होतो, केराबाई म्हातारी झाली, तिला आता उमजत नाही. ते तेवढं परत घ्यावं की न घ्यावं, हे तुम्हीच सांगा. कारण आंबेचं फडकं सोड्यात घालणं…

केराबाई : ऱ्हाऊ द्या. ते परत घ्यायची गरज न्हाय.

बापूसाहेब : नाराज होऊ नका. गाडी जुनी झाली की कधीतरी चढावर धापा टाकतेच. माझंही तसंच आहे. कालच चष्मा डोळ्यांवर असताना घरभर शोधत होतो.

केराबाई : चहा घ्या. आन् ही काळी बाटली धरा. गेल्या सालची हाय, दोन थेंबाच्या वर घिऊ नका. लिंबाच्या तोडीची हाय म्हणून सांगितलंय.

बापूसाहेब : वा. चहा उत्तम. म्हणजे उद्या पारावर घोषणा अशी : पाणी घातलेलं नव्हतं, वयोमानामुळं सोडा लागला. ठीक?

केराबाई : ठीक.

बापूसाहेब : येतो मग. सूनबाई, आमच्याही बोअरचं पाणी एकदा तपासून द्या. आमच्या नातवंडांचे दात पिवळे पडायला लागलेत.

सोनाली : दातांचं ह्या पट्टीवर नाही कळायचं, बापूसाहेब. बाटली भरून द्या, लॅबला नेते.

बापूसाहेब : उद्याच्या पहिल्या गाडीनं पाठवतो. नमस्कार!

केराबाई : गेला का?

सोनाली : कोपऱ्यावर वळले. आत्या, हे तुम्ही काय केलंत?

केराबाई : काय केलं? चहा पाजला.

सोनाली : तुम्ही खोटं बोललात. माझ्यासाठी. मला किती वेळा गप्प केलंत! म्हणजे पाण्यापेक्षा तुम्हाला हा म्हातारी शब्दच लागला होता, त्यावरच तुम्ही सकाळपासून जेवला नाहीत. निंगव्वा मावशींना चोर ठरवलंत, पारावर भांडायला निघाला होतात. आणि आता तोच शब्द तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलात. उद्या गावभर होईल.

केराबाई : हू दे की.

सोनाली : मी जाऊन सांगणार. खरंच सांगते, उद्या सुट्टी टाकीन, पण पारावर जाऊन सांगीन, की फडकं मी धुतलं.

केराबाई : आगं वेडे. तुझं नवं लग्न झालंय, गाव अजून तुला वळखत बी न्हाय. आज तुझं नाव तितं निघालं तर पुढची वीस वर्सं तुला त्येच चिकटंल. अक्कलकोटची एक सून हुती आमच्या भावकीत, पहिल्याच साली तिच्या हातनं पुरणात मीठ पडलं. चार पोरांची आजी झाली ती, अजून तिला खारी वैनी म्हणत्यात.

सोनाली : मग म्हणू दे मला काहीतरी. सोडा वैनी म्हणू दे.

केराबाई : न्हाय म्हणायचं. माझ्या घरातल्या पोरीला न्हाय म्हणायचं. त्यापेक्षा मला म्हणू दे की. मला म्हातारी म्हणलं, त्ये खरंच हाय. तू हौसनं माझ्यासाठी फडकं उजळलंस, तुला आंब नासवणारी म्हणलं असतं, तर त्ये खोटं झालं असतं. चल, ताट वाढ आता, लई भूक लागलीया.